बिस्किटाच्या डब्यातले गाव: उत्तर इंग्लंडमधील जुनी छायाचित्रे आणि आठवणी सर्वांपर्यंत कशा पोहोचवाव्यात

१९९४ साली लँकेशायरमधील ब्लॅकबर्न येथे एका जुन्या दुकानाच्या तळघरात धातूची तीन पिंपे सापडली. त्यांत मिचेल अँड केन्यन या स्थानिक कंपनीने विसाव्या शतकाच्या आरंभी घेतलेल्या चलच्चित्रांच्या सुमारे आठशे निगेटिव्ह रिळी होत्या. गिरणीच्या फाटकातून बाहेर पडणारे कामगार, मिरवणुका, फुटबॉलचे सामने आणि गर्दीचे रस्ते हे त्यांचे विषय होते. कामगारांना आपलीच छबी जत्रेतल्या तंबूत पैसे देऊन पाहता यावी, एवढ्याच हिशेबाने ही चित्रे घेतली जात. पाहणाऱ्यांना एकमेकांची नावे ठाऊक होती, म्हणून ती कोणी लिहून ठेवली नाहीत. आज त्या चित्रांत डोक्यावरच्या शाली आणि पायांतले लाकडी तळव्यांचे बूट स्पष्ट दिसतात, पण ती माणसे कोण होती हे बहुतेकांच्या बाबतीत आता कोणालाच सांगता येत नाही.

जुन्या छायाचित्रांच्या कामात मी हा प्रसंग नेहमी समोर ठेवतो. स्कॅनर, रंगदुरुस्ती आणि संकेतस्थळे यांवर भरपूर बोलले जाते, पण चित्राबरोबर जी माहिती फक्त एखाद्या माणसाच्या डोक्यात आहे, ती आधी उतरवून घेतली पाहिजे. लीड्स, ब्रॅडफर्ड, मँचेस्टर, प्रेस्टन किंवा न्यूकॅसलच्या परिसरात स्थायिक झालेल्या मराठी माणसाकडे हे काम दोन वाटांनी येते. एखादी शेजारीण घर आवरताना बिस्किटाचा पत्र्याचा डबा हातात ठेवते, किंवा साठ-सत्तरच्या दशकांत इथल्या रुग्णालयांत डॉक्टर म्हणून आलेल्या आईवडिलांचे अल्बम आपल्याच माळ्यावर निघतात. दोन्ही वेळी पुढील क्रम उपयोगी पडतो.

डबा उघडल्यावर लगेच काय करावे

पहिली गोष्ट म्हणजे काहीही हलवू नये. मी स्वतः सुरुवातीला एक मोठी चूक केली. एका वृद्ध बाईंचा अल्बम स्कॅन करण्यासाठी मी सगळी चित्रे कोपऱ्यांतून सोडवली आणि परत लावताना, माझ्या मते, तारखेच्या क्रमाने लावली. त्यांनी मात्र ती घरांच्या क्रमाने लावलेली होती: माहेरचे घर, लग्नानंतरची भाड्याची खोली, मग कौन्सिलचे, म्हणजे नगरपालिकेचे भाड्याचे घर. कुठले चित्र कुठल्या घरासमोरचे आहे, हे त्या पानावरच्या जागेवरून सांगत असत, आणि ती जागाच मी मोडली होती. तेव्हापासून मी प्रत्येक पान, प्रत्येक पाकीट आणि डब्यातला प्रत्येक थर आधी मोबाइलवर जसाच्या तसा टिपतो आणि मगच चित्राला हात लावतो.

दुसऱ्याच्या मालकीची चित्रे घरी नेणार असाल तर किती नेली याची पावती लिहून द्यावी आणि परत करण्याचा दिवसही तिच्यावर लिहावा. त्यानंतर प्रत्येक चित्राला क्रमांक द्यावा. तो चित्राच्या पाठीवर बॉलपेनने कधीही लिहू नये, कारण दाबाची खूण पुढच्या बाजूला उठते आणि शाई शेजारच्या चित्राला लागते. क्रमांक पाकिटावर लिहावा, आणि पाठीवर लिहिणे भागच असेल तर मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने लिहावा. पाकिटे आम्लमुक्त कागदाची किंवा पॉलिएस्टरची असावीत. बाजारात मिळणारी, वास येणारी पीव्हीसीची पारदर्शक पाकिटे चित्रांना चिकटतात.

काही चित्रे मात्र घरी हाताळू नयेत. जुनी फिल्म ज्वालाग्राही नायट्रेटची असू शकते, कारण तिचे उत्पादन १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत चालू होते. फिल्मच्या कडेवर ‘सेफ्टी’ हा शब्द छापलेला असेल तर तो धोका नसतो. शब्द नसेल आणि फिल्म पिवळट-तपकिरी, चिकट किंवा उग्र वासाची झाली असेल, तर ती स्कॅनरच्या गरम दिव्याखाली न ठेवता थंड, हवेशीर जागी ठेवावी आणि जिल्ह्याच्या अभिलेखागाराला फोन करावा. काचेच्या निगेटिव्ह आडव्या रचू नयेत, एकेक कागदात गुंडाळून उभ्या ठेवाव्यात. चौकटीच्या काचेला चिकटलेले चित्र ओढून काढू नये, काचेसकटच त्याची प्रत घ्यावी. सत्तरच्या दशकातल्या चिकट पानांच्या अल्बममधले चित्र निघत नसेल तर दात साफ करायचा दोरा त्याखालून सावकाश करवतीसारखा सरकवता येतो. तरीही पान आणि चित्र एकजीव झाले असतील तर हट्ट धरू नये.

आधी आठवण, मग स्कॅन

बहुतेक लोक आधी स्कॅन करून मग माहिती विचारायला जातात. क्रम उलटा असावा, असे माझे स्पष्ट मत आहे. नीट ठेवलेले चित्र आणखी दोन वर्षे सहज टिकेल, पण ऐंशी ओलांडलेल्या माणसाच्या बाबतीत तसे गृहीत धरता येत नाही.

भेटीला जाताना मूळ चित्राचा मोबाइलवर घेतलेला फोटो मोठ्या कागदावर छापून न्यावा. वृद्ध माणसाच्या हातात मोबाइल दिला की त्याचे निम्मे लक्ष पडदा सरकू नये याकडे जाते, आणि छापील कागदावर मात्र बोट ठेवून बोलता येते. हे बोट फार महत्त्वाचे असते. ध्वनिमुद्रणात ‘ही आमच्या शेजारची, आणि हा तिचा नवरा’ एवढेच ऐकू येते, म्हणून त्याच क्षणी आपण ‘डावीकडून तिसरी, पट्ट्यांचा एप्रन घातलेली?’ असे मोठ्याने विचारून घ्यावे. ध्वनिमुद्रण मोबाइलवर केले तरी चालते, मात्र फाइल शक्यतो न दाबलेल्या स्वरूपात, म्हणजे वेव्ह प्रकारात ठेवावी, आणि संमती सुरुवातीलाच ध्वनिमुद्रणात आणि कागदावर अशी दोन्हीकडे घ्यावी. एका बैठकीत आठ-दहा चित्रांपलीकडे जाऊ नये.

प्रश्न उघडे ठेवावेत. ‘हे १९४५ चे आहे ना?’ असे विचारले की समोरचा माणूस आपल्याला बरे वाटावे म्हणून हो म्हणतो. त्याऐवजी ‘या दिवशी हवा कशी होती?’, ‘हा दरवाजा कोणाचा?’, ‘फोटो कोणी काढला असेल?’, ‘चित्राच्या उजवीकडे, जिथे कागद संपतो, तिथे पुढे काय होते?’ असे विचारावे. शेवटच्या प्रश्नाला मला नेहमीच उत्तम उत्तरे मिळाली आहेत, कारण गल्लीची आठवण कागदाच्या कडेपाशी थांबत नाही.

सांगणाऱ्याचे शब्द बदलू नयेत. यॉर्कशायर आणि लँकेशायरमध्ये दोन घरांमधल्या बोळाला कोणी ‘गिनल’ म्हणतो, कोणी ‘स्निकेट’, आणि हा शब्दही तो माणूस कुठल्या भागातला आहे हे सांगून जातो. ‘वेक्स वीक’ला उन्हाळी सुट्टी म्हणून मोकळे होऊ नये. त्या आठवड्यात गावातल्या सगळ्या गिरण्या एकदम बंद होत आणि गल्लीच्या गल्ली ब्लॅकपूलला जाई. प्रत्येक गावाचा आठवडा वेगळा असल्यामुळे, समुद्रकिनाऱ्यावरची मंडळी कोणत्या गावची हे कळले की चित्राचा महिनाही बऱ्याचदा कळतो. दाराची पायरी ‘डाँकी स्टोन’ने घासून तिची कडा पांढरी करणे, पहाटे लांब काठीने खिडकी वाजवून कामगारांना उठवणारा ‘नॉकर-अप’, हे सारे त्याच शब्दांत लिहावे आणि खाली समजूत द्यावी.

इथे मराठी माणसाला एक अनपेक्षित फायदा मिळतो. मुंबईच्या गिरण्यांत ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सची यंत्रे आली होती. ज्यांच्या घरात गिरणगावातल्या साचेखात्याच्या गोष्टी झाल्या आहेत, त्यांना विणकामाच्या शेडमधला गोंगाट, कापसाचा फुफाटा आणि ओठांच्या हालचालींवरून एकमेकींशी बोलणाऱ्या बायका यांचे वर्णन परके वाटत नाही. आपण तसे सांगितले की समोरची बाई खुर्चीत पुढे सरकते, आणि मुलाखतीच्या गप्पा होतात.

स्कॅन

हा भाग थोडक्यात सांगण्यासारखा आहे. कागदावरच्या साध्या चित्रासाठी इंचाला ६०० बिंदू पुरतात. तळहाताएवढ्या लहान चित्रासाठी १२०० घ्यावेत आणि ३५ मिलिमीटरच्या निगेटिव्हसाठी २४०० ते ४०००. चित्र कृष्णधवल असले तरी रंगीत पद्धतीनेच स्कॅन करावे, म्हणजे पिवळेपणा, शाई आणि डाग यांची नोंद राहते. मूळ प्रत टिफ प्रकारात ठेवावी आणि वाटण्यासाठी तिच्यावरून लहान जेपेग काढावी. पांढरी कड, फाटलेला कोपरा आणि स्टुडिओचे नाव कापू नये, आणि चित्राची पाठ कोरी वाटली तरी तिचाही स्कॅन घ्यावा. संगणकाने चढवलेले रंग आणि ‘सुधारलेले’ चेहरे मला पसंत नाहीत, कारण त्यांत जो तपशील दिसतो तो मूळ कागदावर नसतो. एखाद्या कुटुंबाला ते हवेच असतील तर ती प्रत वेगळ्या नावाने ठेवावी आणि तसे तिच्यावर लिहावे.

फाइलला वर्ष, गाव, रस्ता आणि क्रमांक या क्रमाने नाव दिले की ती शोधणे सोपे जाते. वर्ष नक्की नसेल तर नावातच ‘सुमारे’ लिहावे.

काळ कसा ठरवावा

आधी पाठ वाचावी. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले, साधारण साडेसहा बाय दहा सेंटिमीटरचे छोटे चित्र बहुधा १८६० नंतरचे असते, आणि साधारण अकरा बाय साडेसोळा सेंटिमीटरचे ‘कॅबिनेट’ १८६६ नंतरचे. पुठ्ठ्यावर स्टुडिओचे नाव व पत्ता असतो. त्या काळच्या व्यापारी निर्देशिकांत, म्हणजे केली किंवा स्लेटर यांच्या जाडजूड ग्रंथांत, तो छायाचित्रकार त्या पत्त्यावर कोणकोणत्या वर्षी होता हे पाहिले की दहा-पंधरा वर्षांची चौकट मिळते. चित्र पोस्टकार्डाच्या कागदावर असेल तर पाठीमागची उभी रेघ पाहावी, कारण पत्ता आणि मजकूर एकाच बाजूला लिहिण्याची परवानगी ब्रिटनमध्ये १९०२ साली मिळाली. तिकिटाच्या चौकोनात ‘अर्धा पेनी’ छापलेले असेल तर कार्ड बहुधा जून १९१८ पूर्वीचे असते, कारण त्या महिन्यात पोस्टकार्डाचा दर एक पेनी झाला.

मग पुढची बाजू भिंगाखाली पाहावी. मोटारींच्या नोंदणी क्रमांकांची पद्धत १ जानेवारी १९०४ पासून सुरू झाली आणि त्यांतली अक्षरे गाव सांगतात: एके, केयू, केडब्ल्यू आणि केवाय ही ब्रॅडफर्डची. अर्थात क्रमांकावरून मोटारीचा जन्म कळतो, चित्राचा नव्हे, आणि गाडी पंधरा वर्षे जुनीही असू शकते. रस्त्यावर ट्राम दिसत असेल तर चित्र त्या गावची ट्राम बंद होण्यापूर्वीचे. मँचेस्टरची जानेवारी १९४९ मध्ये बंद झाली, लीड्सची नोव्हेंबर १९५९ मध्ये आणि शेफील्डची ऑक्टोबर १९६० मध्ये. वर तारा आहेत पण खाली रूळ नाहीत, तर ती ट्रॉलीबस. लीड्स आणि ब्रॅडफर्ड या दोन्ही शहरांत ती २० जून १९११ रोजी सुरू झाली आणि ब्रॅडफर्डमध्ये २६ मार्च १९७२ पर्यंत धावली. इमारतींचा दगड काजळीने काळाकुट्ट असेल तर चित्र बहुधा १९५६ च्या स्वच्छ हवेच्या कायद्यानंतर हळूहळू सुरू झालेल्या धुलाईच्या आधीचे असते. मात्र ही खूण फार ढोबळ आहे.

एका चित्राचे उदाहरण सविस्तर सांगतो. माझ्या शेजारीणबाईंच्या डब्यात गल्लीतल्या मेजवानीचे एक चित्र होते: घरांच्या दोन रांगांमध्ये लांबलचक टेबले, वर पताका, कागदी मुकुट घातलेली मुले (त्यांत त्या स्वतःही) आणि मागे हात बांधून उभ्या असलेल्या बायका. पाठीवर निळ्या बॉलपेनने ‘विजयदिन, १९४५’ असे लिहिलेले होते आणि ते अक्षर त्यांच्या आईचे होते. इंग्लंडच्या गल्ल्यांत अशा मेजवान्या अनेकदा झाल्या: मे १९३५ चा राजाच्या कारकिर्दीचा रौप्यमहोत्सव, मे १९३७ चा राज्याभिषेक, ८ मे १९४५ चा, युरोपातले युद्ध संपल्याचा विजयदिन, २ जून १९५३ चा राज्याभिषेक, आणि पुढे जून १९७७ चा राणीच्या कारकिर्दीचा रौप्यमहोत्सव. त्यामुळे नुसत्या पताकांवरून काहीच ठरत नाही.

पहिली शंका शाईमुळे आली. इंग्लंडमध्ये बॉलपेन बाजारात आले तेच १९४५ च्या अखेरीस, म्हणजे मजकूर त्या दिवशीचा नव्हता, नंतर कधीतरी लिहिलेला होता. मग चित्र मोठे करून पाहिल्यावर डाव्या रांगेतल्या दुसऱ्या धुराड्याला बांधलेला, इंग्रजी एक्सच्या आकाराचा मोठा अँटेना दिसला. उत्तरेकडच्या या भागाला टेलिव्हिजन मिळाला तो होम मॉस येथील प्रक्षेपण केंद्र १२ ऑक्टोबर १९५१ रोजी सुरू झाल्यावर. तोपर्यंत गिरणीगावातल्या साध्या गल्लीत असा अँटेना उभारण्याला फारसा अर्थ नव्हता. शिवाय मुले कोटात होती, म्हणजे दिवस थंड असावा.

हे मी बाईंना सांगितले नाही. फक्त विचारले, ‘त्या दिवशी हवा कशी होती?’ त्या म्हणाल्या की दिवसभर पाऊस होता, टेबले दोनदा आत-बाहेर केली, आणि शेवटी केक चॅपलच्या (छोट्या प्रार्थनामंदिराच्या) शाळाखोलीत नेऊन खाल्ले. साखर रेशनवर असल्यामुळे केकसाठी सगळ्या गल्लीने आपापला वाटा दिला होता, हेही त्यांनी सांगितले. २ जून १९५३ हा दिवस थंड आणि पावसाळी होता. आता साखरेचे रेशन ऐकून कोणालाही हे युद्धकाळाचेच वर्णन वाटेल, पण ब्रिटनमधले साखरेचे रेशन संपले ते सप्टेंबर १९५३ मध्ये. बाईंची आठवण चोख होती, चुकला होता तो पाठीवरचा मथळा, आणि आईचे अक्षर म्हणून त्यांनी त्यावर कधी शंका घेतली नव्हती.

जागा कशी ठरवावी

उत्तरेत जागा शोधताना सर्वांत मोठा घोळ होतो तो १ एप्रिल १९७४ च्या फेररचनेमुळे. त्या दिवशी यॉर्कशायरचा पश्चिम विभाग असलेली जुनी वेस्ट रायडिंग प्रशासनातून गेली, ओल्डहॅम आणि रॉचडेल लँकेशायरमधून ग्रेटर मँचेस्टरमध्ये आले, सॅडलवर्थ यॉर्कशायरमधून ओल्डहॅमकडे गेले आणि बार्नोल्ड्सविक यॉर्कशायरमधून लँकेशायरमध्ये. म्हणून सॅडलवर्थमधल्या १९३० च्या चित्राचा शोध दोन्ही काउंटींच्या संग्रहांत घ्यावा लागतो, आणि नोंदीतही तेव्हाची व आताची अशी दोन्ही नावे लिहावी लागतात. हा विषय तिथे अजून जिव्हाळ्याचा आहे. सॅडलवर्थच्या एखाद्या म्हाताऱ्याला ‘तुम्ही लँकेशायरचे का?’ असे गमतीनेही विचारू नये.

नकाशांसाठी स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे संकेतस्थळ उत्तम आहे. नावावर जाऊ नये, तिथे इंग्लंडचेही ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा-संस्थेचे जुने नकाशे विनामूल्य पाहता येतात आणि आजच्या नकाशाशेजारी ठेवून ताडता येतात. मैलाला पंचवीस इंच या प्रमाणाच्या नकाशात एकेक घर, गिरणीचे धुराडे आणि चॅपल दिसते. चित्रात धुराडे आणि चॅपलचे टोक एका रेषेत येत असतील तर नकाशावर तीच रेघ ओढून छायाचित्रकार कुठे उभा होता हे शोधता येते. मला या कामातला हा सर्वांत आनंदाचा भाग वाटतो.

गल्लीत कोण राहत होते हे जनगणनेतून कळते. १९२१ ची जनगणना २०२२ पासून पाहता येते. १९३१ ची कागदपत्रे मात्र १९४२ च्या आगीत जळून गेली, त्यामुळे त्या दशकासाठी सप्टेंबर १९३९ मध्ये केलेली राष्ट्रीय नोंदवही हाच आधार आहे. गल्लीच पाडली गेली असेल तर निराश होऊ नये. झोपडपट्टी-निर्मूलनाच्या काळात लीड्स, मँचेस्टर यांसारख्या नगरपालिकांनी पाडायच्या रस्त्यांची पद्धतशीर चित्रे काढून ठेवली, आणि त्यांतली बरीच आज ग्रंथालयांच्या संग्रहांत आहेत.

मथळा लिहिताना

२६ सप्टेंबर १९३१ रोजी गांधीजी लँकेशायरमधील डार्वेन येथे गिरणी कामगारांना भेटले. त्या भेटीचे एक छायाचित्र भारतात घरोघरी माहीत आहे: मध्ये गांधीजी, भोवती हर्षाने ओरडणाऱ्या कामगार स्त्रिया. मथळा बहुधा ‘गांधीजी आणि लँकेशायरच्या गिरणी कामगार स्त्रिया’ एवढाच असतो. आपण त्यात एक चेहरा पाहतो, आणि डार्वेनमधले एखादे कुटुंब त्याच चित्रात आपली पणजी शोधत असते. मथळा त्या दुसऱ्या माणसासाठीही लिहायचा असतो.

माझ्या मते मथळ्यात तीन गोष्टी वेगवेगळ्या ठेवाव्यात: चित्रात काय दिसते, कोणी काय सांगितले, आणि आपण कशावरून काय ठरवले. वरच्या मेजवानीच्या चित्राची नोंद मी अशी केली: ‘घरांच्या दोन रांगांमधली मेजवानी, पताका, कागदी मुकुट घातलेली सुमारे तीस मुले, डावीकडे दुसऱ्या धुराड्यावर अँटेना. पाठीवर नंतरच्या बॉलपेनने: विजयदिन, १९४५. चित्रातल्या एका मुलीने सांगितलेले: पाऊस, साखरेचे रेशन, केक चॅपलच्या शाळाखोलीत. अँटेना आणि पाऊस यांवरून २ जून १९५३ असावे.’ पाठीवरचा चुकीचा मजकूरही नोंदीत राहिला पाहिजे, कारण उद्या माझे अनुमान चुकीचे ठरले तर पुढच्या माणसाला मूळ पुरावा हाताशी हवा. हीच माहिती फाइलच्या आतल्या वर्णनाच्या रकान्यातही भरावी, नाहीतर चित्र एकीकडे जाते आणि मथळा दुसरीकडे राहतो.

हक्क आणि मर्यादा

चित्र हातात असणे आणि त्याचा स्वामित्वहक्क असणे या ब्रिटनमध्ये दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सर्वसाधारण मुदत छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षांची आहे. घरच्या माणसाने काढलेल्या चित्रासाठी त्याच्या वारसांची परवानगी घेतली की बहुतेक काम होते. स्टुडिओत काढलेल्या चित्रांबाबत एक उपयुक्त बारकावा आहे: १ ऑगस्ट १९८९ पूर्वी पैसे देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा हक्क सामान्यतः काढून घेणाऱ्या ग्राहकाकडे असे, त्यानंतर तो छायाचित्रकाराकडे गेला. वृत्तपत्रांची आणि व्यावसायिक पोस्टकार्ड कंपन्यांची चित्रे मात्र विचारल्याशिवाय वापरू नयेत, मग ती बाजारात पन्नास पेन्सना घेतलेली का असेनात. हक्कदार खूप शोधूनही सापडत नसेल तर ब्रिटनच्या बौद्धिक संपदा कार्यालयाकडून २०१४ पासून अशा बेवारस कृतींसाठी शुल्क भरून परवाना घेता येतो.

कायद्याने चालते ते सगळेच शोभते असे नाही. बोल्टनमध्ये १९३७-३८ साली हंफ्री स्पेंडर यांनी सामान्य जीवनाच्या पाहणीसाठी लोकांच्या नकळत, कॅमेरा कोटाआड धरून चित्रे काढली. आज ती अमूल्य वाटतात, पण असे चोरून टिपण्याबद्दल स्वतः स्पेंडर यांनाही अवघडल्यासारखे होत असे. हयात माणसांची पूर्ण नावे, आजचे पत्ते आणि लहान मुलांची ओळख जाहीर करू नये. डॉक्टर आईवडिलांच्या अल्बममध्ये वॉर्डातली चित्रे असतील आणि त्यांत रुग्ण ओळखू येत असतील, तर ती कितीही सुंदर असली तरी सार्वजनिक करू नयेत.

कुठे द्यावे

समाजमाध्यमांवर चित्र टाकले की दोन दिवसांत पन्नास आठवणी जमतात, आणि दोन महिन्यांत त्या खाली गडप होतात. तिथे जरूर टाकावे, पण आलेली माहिती, ती देणाऱ्याला विचारून, आपल्या नोंदीत उतरवून घ्यावी आणि मूळ नोंद ग्रंथालयाकडे द्यावी. लीड्सच्या ग्रंथालय सेवेचा ‘लिओडिस’, शेफील्डचा ‘पिक्चर शेफील्ड’ आणि ऐंशी हजारांहून अधिक चित्रे असलेला मँचेस्टर ग्रंथालयाचा स्थानिक चित्रसंग्रह यांची नावे आधी सुचतात. एखाद्या जुन्या, वारसा म्हणून सूचीबद्ध केलेल्या इमारतीचे चित्र असेल तर हिस्टॉरिक इंग्लंड या वारसा-संस्थेच्या ‘मिसिंग पीसेस’ या उपक्रमात कोणालाही ते आठवणीसह जोडता येते. लहान गावासाठी तिथल्या ग्रंथालयातला स्थानिक अभ्यास विभाग पुरेसा असतो. देताना मूळ चित्र देत आहात की फक्त प्रत, आणि कोणत्या अटीवर, हे लेखी असावे.

आपल्याच कुटुंबाची चित्रे या संग्रहांना नको असतील, असा समज मराठी घरांत सर्रास आढळतो, आणि तो चुकीचा आहे. ब्रॅडफर्डच्या मॅनिंगहॅम लेनवरच्या बेल व्ह्यू स्टुडिओत १९२६ ते १९७५ या काळात हजारो चित्रे काढली गेली. युद्धानंतर भारत, पाकिस्तान आणि इतर देशांतून आलेले कामगार तिथे सूट घालून, हातात पेन किंवा पुस्तक घेऊन उभे राहत आणि ती चित्रे मायदेशी पाठवत. स्टुडिओच्या काचेच्या निगेटिव्ह आज ब्रॅडफर्डच्या संग्रहालयाकडे आहेत. चेहरे आहेत, नावे पुष्कळांची नाहीत. ती लिहिलेली असतील तर कागदाच्या पाठीवर, आणि तो कागद पोस्टाने गावी गेलेला.

म्हणून अशा घरांनी शोध उलट्या दिशेनेही घ्यावा. इथल्या अल्बममधल्या चित्राची दुसरी प्रत सातारा, कोल्हापूर किंवा नागपूरच्या काकांकडे ट्रंकेत असू शकते. त्यांना दोन्ही बाजूंचे फोटो पाठवायला सांगावे, पाठीचे तर आवर्जून. मला एका मित्राच्या घरून अशी एक पाठ मिळाली. चित्र साधेच होते, बर्फाने भरलेला उतरता रस्ता. मागे वडिलांच्या अक्षरात लिहिले होते: ‘हा माझ्या खोलीसमोरचा रस्ता. बर्फ दुपारपर्यंत होते. खोलीत शेगडी आहे, पण दर वेळी शिलिंग टाकावे लागते, म्हणून रात्री कोट घालूनच झोपतो. आईला सांगू नये.’ ग्रंथालयाला आम्ही चित्राचा आणि पाठीचा स्कॅन, मूळ मराठी मजकूर आणि इंग्रजी भाषांतर असे सारे एकाच क्रमांकाखाली दिले. शिलिंगाचे कोडे मला आधी उलगडले नव्हते. शेजारीणबाईंना तो मजकूर इंग्रजीत वाचून दाखवला, तेव्हा त्यांनी भाड्याच्या खोलीतला नाण्यावर चालणारा गॅसचा मीटर कुठे असे, नाणे संपले की ज्योत कशी निळी होत विझे, आणि घरमालकीण मीटर कोणत्या वारी उघडायला येई, हे सगळे सांगितले. तेही आता त्याच क्रमांकाखाली आहे.